बाटल्या पाडणारे बापू

मी चाळीस वर्षं लोकांच्या घरातले टीव्ही उघडले. टीव्ही उघडायचा म्हणजे आधी तो भिंतीपासून ओढावा लागतो, आणि मागं काय काय पडलेलं असतं ते घरच्या माणसांनाही ठाऊक नसतं. हरवलेलं जोडवं, लपवलेला नापासाचा निकाल, पालीची अंडी, एकदा तर अख्खी कवळी. ती कवळी ज्यांची होती ते आजोबा दोन वर्षं सुनेवर संशय धरून बसले होते. असं काही हाताला लागलं की मी ते मुकाट्यानं टीव्हीवर ठेवायचो आणि कामाला लागायचो. अमरावतीला ज्या उस्तादांकडे मी शिकलो, त्यांनी पहिल्या दिवशी सोल्डरिंग शिकवलं नाही, हे शिकवलं. "हमीद, मशीन का मुँह खोल, अपना बंद रख." हा धडा मी इतका इमानदारीनं पाळला की एका माणसाच्या हाताचे तीन महिने त्यात गेले. संपादकांनी गमतीच्या आठवणी मागितल्या आहेत. ही गमतीचीच आहे, फक्त काही ठिकाणी मला स्वतःला हसू येत नाही.

माझं दुकान अकोल्यात. ज्या वर्षांची ही गोष्ट आहे त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव पेपरात रोज यायचं आणि चांगल्या कारणासाठी एकदाही यायचं नाही. आमच्या धंद्याचं मात्र उलटं असतं. वाईट साल आलं की नवीन टीव्ही कोणी घेत नाही, जुनाच रेटतात, आणि मेकॅनिकच्या दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही. हे सांगायला लाज वाटते, पण कफनाचं कापड विकणाऱ्याचंही असंच असतं आणि त्याला कोणी काही म्हणत नाही.

तर एका पावसाळ्यात तेल्हाऱ्याजवळच्या एका गावातून काकूंचा फोन आला. या काकू माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही मी दुरुस्त करायचो तेव्हा त्यांचा मुलगा प्रशांत माझ्या शेजारी उकिडवा बसून "काका, हे काय, काका, ते काय" करायचा. पुढं तो इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला. त्याला माझ्यामुळं नाद लागला असं मी सांगतो, त्याच्या कॉलेजवाले वेगळं सांगत असतील.

"हमीदभाऊ," काकू म्हणाल्या, "प्रशांतनं खेळणं पाठवलं बापूसाठी. ते मेलं."

बापू म्हणजे काकूंचे यजमान. काळ्या रानातली चांगली शेती, आवाज असा की शिवारातल्या दुसऱ्या टोकाचा गडी दचकावा. त्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. तोंडाला काही झालं नाही. उलटं झालं असतं तर बरं झालं असतं, असं गावात दोन-तीन लोक बोलले, आणि ते बापूंच्या भावकीतलेच होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले सहा महिने महत्त्वाचे. हात जितका हलवाल तितका परत येईल, नंतर फार आशा नाही. प्रशांतनं तिकडून सांगितलं, दिवाळीला येतो. तोवर हातात फरक पडला नाही तर दोघांना पुण्याच्या फ्लॅटवर नेऊन ठेवतो, तिथं बाई ठेवू, डॉक्टर जवळ आहेत. फ्लॅट नवव्या मजल्यावर होता.

"नवव्या माळ्यावर कबुतरं रायतात," बापू म्हणाले होते.

मी गेलो तेव्हा बैठकीत एका बाजूला मागच्या हंगामाचा कापूस छातीइतका भरलेला. भाव येईल म्हणून सगळ्या गावानं तो घरातच ठेवला होता. दुसऱ्या बाजूला बापूंची खाट, समोर मोठा टीव्ही, आणि टीव्हीजवळ एक पांढरी पातळ पेटी. असं खेळणं मी पहिल्यांदाच पाहिलं. रिमोटसारखा एक दांडा हातात धरायचा आणि हात खरोखर हलवायचा. तुम्ही बॉल फेकल्यासारखा हात झोकला की पडद्यावरचा बाहुला बॉल फेकतो आणि लांब उभ्या केलेल्या दहा बाटल्या धडाधड पडतात. प्रशांतला तिकडच्या कोणीतरी सांगितलं होतं की लकव्याचे पेशंट यानं व्यायाम करतात आणि त्यांना तो व्यायाम वाटत नाही. पेशंटच्या जागी बापू असले तर काय होतं, हे तिकडच्यांना ठाऊक नव्हतं.

बिघाड साधा होता. या यंत्राबरोबर टीव्हीवर ठेवायची एक काळी पट्टी येते. लोकांना वाटतं ती पट्टी आपल्याकडं बघते. पट्टी आंधळी असते. तिच्या दोन टोकांना फक्त दोन दिवे असतात, आपल्या डोळ्यांना न दिसणारे, रिमोटमध्ये असतात तसले. बघणारा डोळा हातातल्या दांड्यात असतो. तो ते दोन दिवे शोधतो आणि त्यावरून आपण कुठं नेम धरलाय ते ठरवतो. पडद्यावर मग एक छोटा पांढरा हात फिरतो, त्यानं बोट दाखवून आपला बाहुला निवडायचा. कापसाबरोबर घरात उंदीर आले होते आणि त्यांनी पट्टीची वायर खाल्ली होती, ती पट्टीच्या आतपर्यंत. पडद्यावरचा हात गायब.

तसली पट्टी अकोल्यात काय, नागपुरातही मिळाली नसती. मी काकूंना विचारलं, एखादी फूटपट्टी आहे का घरात. त्यांनी प्रशांतची शाळेतली लाकडी पट्टी काढून दिली, कर्कटकानं नाव कोरलेली. दोन मेलेल्या रिमोटांचे दिवे काढले, पट्टीच्या दोन टोकांना बसवले, दोन सेल जोडले. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की असले दिवे जांभळट दिसतात. काकूंना तसं दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अस्सं. म्हंजे आहे, पण दिसत नाही." पडद्यावरचा पांढरा हात परत आला. एवढ्या मोठ्या कंपनीचा पार्ट मी भंगारातून उभा केला, ही बढाई मी पुढं सहा महिने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली. ज्यांनी ऐकून घेतली नाही त्यांची कामं उशिरा झाली.

बढाई अंगाशी आली. आठ दिवसांत काकूंचा फोन: "दिवसा चालते, सांजीले येडं होते." मी गेलो, दुपारी पाहिलं, सगळं ठीक. परत आलो, परत फोन. दुसऱ्यांदा गेलो, ठीक. माझ्याच फूटपट्टीवर आळ येत होता म्हणून तिसऱ्या वेळी मी हट्टानं थांबलो. दिवेलागण झाली, काकूंनी हातपाय धुतले, टीव्हीशेजारच्या कोनाड्यातल्या देवापुढं दोन निरांजनं लावली, नमस्कार केला. आणि पडद्यावरचा हात टुणकन उडी मारून कोपऱ्यात गेला. तिथून वर, तिथून बाहेर, पुन्हा आत. दांड्यातल्या डोळ्याला दोन दिवे शोधायची सवय. त्याला आता चार दिसत होते. माझे दोन आणि देवाचे दोन.

निदान झालं, इलाज सांगायची पंचाईत. एका मुसलमानानं ऐन सांजेला हिंदूच्या घरात उभं राहून "देवाचे दिवे विझवा" म्हणायचं, हे त्या वर्षीच काय, कुठल्याच वर्षी सोपं नव्हतं. मी खाली पडलेला पेपर उचलला आणि कोनाड्यासमोर धरला. पडद्यावरचा हात शांत झाला.

"देवाले काहून झाकता हमीदभाऊ?"

मी सांगितलं. काकू हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, बराच वेळ. मग कॅलेंडरचा जुना पुठ्ठा आणला आणि मी तो टीव्ही आणि कोनाड्याच्या मधे भिंतीला खाकी टेपनं उभा चिकटवला. देव तिकडं, खेळ इकडं.

"घ्या, पाहा," मी दांडा बापूंच्या खाटेकडं नेला. बापूंनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मी पोट्टं आहो का, खुळखुळा हलवाले?"

दांडा काकूंनी घेतला. पदर कमरेला खोचला, दांड्याचा पट्टा मनगटात अडकवला, एक पाऊल पुढं टाकलं आणि हात झोकला. दहाच्या दहा बाटल्या आडव्या. पुन्हा झोकला, पुन्हा दहा. चौसष्ट वर्षांची बाई, आणि तो हात पाहून मला जाणवलं की पाटा-वरवंटा आणि विहिरीचा दोर यांनी घडवलेल्या हाताला बॉल म्हणजे काहीच नाही. पडद्यावर मात्र टाळ्या घेत होता मिशीवाला बाहुला, डोक्यावर टोपी, खाली नाव: बापू.

मी काकूंकडं पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी दाराकडं खूण केली. ओट्यावर आल्यावर म्हणाल्या, "प्रशांत रोज फोनवर इचारते, आज बापूनं किती केले. मी आकडा सांगते. तो खुश होते."

"आन बापू?"

"बापू हात लावत नाहीत. पडलेला हात पोराले कसा दाखवू म्हणतात. मी त्यायले म्हणलं, कोणी पाहून नाई राहिलं. तं म्हणतात, मी तं पाहून राहिलो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मले पुण्याले नाई जाचं हमीदभाऊ. तुमी काई बोलू नका."

मी बोललो नाही. उस्तादांचा धडा. माणसाच्या घरातली गोष्ट टीव्हीच्या मागची. पाहायची आणि पुन्हा टीव्ही भिंतीला लावायचा. डॉक्टरांनी सांगितलेले सहा महिने मला माहीत होते. मी हिशेब केला नाही असं नाही, केला आणि टूलबॉक्स उचलला.

त्यानंतर काकूंचा खेळ गावात गाजला. बायका दुपारच्या यायला लागल्या. मधेच एकदा कुठल्यातरी वाहिनीचे लोक कॅमेरा घेऊन गावात आले होते, दुःख शोधत. घरातला कापूस पाहून ते खुश झाले. त्यांनी काकूंना सांगितलं, "आजी, त्या कापसापाशी बसा आणि कपाळाला हात लावा." काकूंच्या हातात दांडा होता, आठव्या फेरीत होत्या. "कपाळ दुखून नाई राहिलं माहं," त्या म्हणाल्या, "तुमी थांबा, माही पाळी होऊ द्या." ते थांबले नाहीत. पुढच्या घरी गेले, तिथं एका बाईनं बिचारीनं लावला हात. टीव्हीवर तीच आली आणि काकूंना त्याचं थोडं वाईट वाटलं. थोडंच.

दिवाळीला आठ दिवस राहिले तेव्हा काकू एसटीनं अकोल्याला माझ्या दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. त्या बसल्याच नाहीत.

"प्रशांत येऊन राहिला. बापूचा खेळ पाहाचा म्हणते. तुमी ते बिघडवून द्या."

लोकांनी मला काय काय दुरुस्त करायला सांगितलं आहे. मिक्सर, देवळाचा भोंगा, एका गृहस्थानं तर स्वतःचं लग्न. बिघडवायला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "काकू, चालत्या मशीनले मी हात लावत नसतो. माह्या धंद्यात ते हराम आहे."

काकू नुसत्या उभ्या राहिल्या. चहा आला, तोही तसाच राहिला. शेवटी मी नजर चुकवून म्हणालो, "पुठ्ठा काढून ठेवा. दिवाळी आहे, दिवे दिवसभर लावा. कोणी इचारणार नाही."

म्हणजे मशीनला हात लावला नाही. एवढंच समाधान माझ्या पदरात.

धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी प्रशांतचाच फोन आला. "काका, पडद्यावरचा हात जागेवर थांबत नाही. मी सेल बदलले, सगळं करून पाहिलं. तुम्ही येता का?" न जाण्यासारखं कारण मला सुचलं नाही. बैठकीत कोनाड्यात पाच-सहा दिवे लखलखत होते, काकूंनी कसर ठेवली नव्हती. पडद्यावरचा हात वेड लागल्यासारखा उडत होता. बापू भिंतीकडं तोंड करून. काकू चहा करायला आत पळाल्या. मी दांडा हातात घेतला आणि "हं, हं" करत राहिलो. चाळीस वर्षांत मी इतका वेळ इतक्या साध्या बिघाडाकडं कधी पाहिलं नव्हतं.

प्रशांत टीव्हीवरची फूटपट्टी बघायला पुढं वाकला. त्यावरचं स्वतःचं नाव वाचून हसला, "ही अजून आहे?" तो तिथं वाकला तसा कोनाडा त्याच्या पाठीआड गेला आणि पडद्यावरचा हात शांत झाला. तो सरळ झाला, हात पळाला. तो पुन्हा वाकला, हात थांबला. त्यानं मागं वळून कोनाडा पाहिला. मग भिंतीवरचा खाकी टेपचा ताजा डाग पाहिला, आणि त्यावर बोट ठेवलं.

"काका, इथं काही लावलं होतं का कोणी?"

खाटेवरून आवाज आला.

"पुठ्ठा होता. त्या बह्याड हमीदनंच लावला होता. आन त्यानंच काढाले लावला, मी इचारलं तवा समजलं." बापू तोंड न फिरवता बोलत होते. "तुही माय खेळते माह्या नावानं. तीन महिने झाले मी आयकून राहिलो. बापूनं एवढ्या पाडल्या, बापूनं तेवढ्या पाडल्या. बापूचा हात अठी मेल्यावानी पडला आहे, त्याले कोणी इचारत नाई."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

प्रशांत माझ्याकडं वळला. इतका वेळ पुण्याची भाषा बोलत होता, ती गेली. "काका, तुमाले मालूम होतं? डाक्टर सहा महिने म्हणत होते. पाच गेले. तुमी माहा फोन नंबर लिहून घेतला होता ना?" घेतला होता. दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहिला होता, रोज समोर दिसायचा. मी मान खाली घातली.

"त्याले काहून बोलतो?" बापू ओरडले. बऱ्याच महिन्यांनी तो शिवारात ऐकू जाणारा आवाज निघाला. "त्याचा हात पडला का? माहा पडला. दे इकडं ते."

कोणी हललं नाही. "दे म्हणतो ना. इनं माह्या नावानं मिशी लावून घेतली, आता मले लाज ती काय रायली."

मी पुठ्ठा उभा केला. प्रशांतनं बापूंना उठवून बसवलं, दांडा त्यांच्या उजव्या हातात दिला, बोटं मिटेनात म्हणून काकूंनी स्वतःच्या केसांची रिबन सोडून दांडा मुठीला बांधला. प्रशांतनं कोपर खालून धरलं. बापूंनी खांदा उचलला, दात आवळले. हात वीतभर पुढं आला आणि मागं पडला. पडद्यावरच्या बाहुल्याच्या हातून बॉल मागंच निसटला आणि पाठीमागं बसलेल्या बाहुल्यांच्या घोळक्यावर गेला. सगळे बाहुले दचकून उडाले. आणि पहिल्यांदा बापूच हसले. मग काकू, मग आम्ही. हसता हसता काकू रडायला लागल्या आणि त्यांना कोणी थांबवलं नाही.

तो डाव संपायला तासभर लागला. बापूंचे एकतीस झाले. काकूंचा रोजचा आकडा दोनशेच्या आसपास असायचा.

प्रशांतनं रजा वाढवली, महिनाभर रोज त्यांचं कोपर धरलं आणि मग एकटाच परत गेला. पुण्याचा विषय निघाला नाही. उन्हाळ्यापर्यंत बापूंचा हात तोंडापर्यंत यायला लागला. त्याच्या वर आला नाही आणि दोन बोटं शेवटपर्यंत मिटली नाहीत. मी तीन महिने आधी बोललो असतो तर ती मिटली असती का, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं म्हणणं जास्त खरं आहे.

त्या यंत्रात प्रत्येक बाहुल्याच्या खेळाचा आलेख राहतो. पुढच्या पावसाळ्यात मी फूटपट्टीवरचे सेल बदलायला गेलो तेव्हा बापूंनी मला तो दाखवला. मिशीवाल्या बाहुल्याची रेघ तीन महिने वर वर चढत गेलेली, आणि दिवाळीच्या दिवशी कड्यावरून पडल्यासारखी खाली. मशीनच्या मतानं बापू त्या दिवशी खेळ विसरले. त्यानंतर तळाशी एक बारीक वाकडी रेघ सरपटत होती. एकतीस, चौतीस, एकोणतीस, चाळीस.

"हे वरचं पुसता येते का बे?" बापूंनी विचारलं.

मी सगळी बटणं चाळली. "नाई बापू. पुसाचं तं पूर्ण बाहुलाच पुसावा लागते, खालचंही जाईन."

काकूंनी चहा आणला होता. बापूंनी कप उजव्या हातानं उचलला, अर्धा बशीत सांडला, उरलेला तोंडाला लावला आणि पडद्याकडं बघत राहिले.

"मंग राहू दे," ते म्हणाले. "वरचं तिचं आहे. खालचं माहं."